हिशेब कोणापुढे वाचायचा?

मदतीच्या गाड्या हायवे सोडत नाहीत. महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीवर २०२१ च्या पावसाचा विषय काढा, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ही तक्रार येते. मुंबई-गोवा महामार्गावरून आलेला टेम्पो दस्तुरी नाक्याला नाहीतर पोलादपूरच्या स्टँडपाशी थांबतो. बाजूला बॅनर बांधला जातो, माणसं जमतात, वाटप होतं, फोटो निघतात. आतला रस्ता चढाचा असतो, कुठे दरडीची माती उपसायची राहिलेली असते, आणि ड्रायव्हरला अंधार पडायच्या आत कर्नाळ्याच्या पलीकडे जायचं असतं. त्यामुळे हायवेच्या कडेच्या घरात तीन-तीन ब्लँकेटं पोचतात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीला टेम्पो येऊन गेल्याची नुसती बातमी कळते.

संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘देणं-घेणं’ असा विषय दिला, तेव्हा मला हे टेम्पोच आठवले. देणारा कोणाला बांधील असतो? ज्यानं पैसे दिले त्याला, की ज्याच्या हातात पिशवी पडली त्याला? जगभरच्या मदत संस्था या प्रश्नावर गेली तीस वर्षं आचारसंहिता लिहीत आल्या आहेत. मला तो सावित्रीच्या काठावर जाऊन पाहायचा होता. भात कापणीला आलेलं असताना मी महाडला उतरलो.

पाणी, दरड आणि नंतरचा आठवडा

महाड हे पुराला सरावलेलं गाव आहे. महाबळेश्वरला उगवणारी सावित्री, रायगडाच्या बाजूनं येणारी काळ आणि शहराला खेटून वाहणारी गांधारी इथे एकमेकींच्या गळ्यात पडतात, आणि खालून खाडीची भरती वर चढत असते. भरती आणि घाटमाथ्यावरचा पाऊस एका वेळी आले की बाजारपेठेत पाणी शिरणार, हे इथल्या दुकानदाराला हवामान खात्यानं सांगावं लागत नाही. माल माळ्यावर चढवायची सवय पिढीजात आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री मात्र पाणी माळ्याच्याही वर गेलं.

त्याच २२ तारखेला तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. चार दिवसांनी शोध थांबवून उरलेल्या बेपत्तांना मृत जाहीर करावं लागलं. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथे मिळून अकरा माणसं दरडीखाली सापडली. त्याआधी सोळा वर्षांपूर्वी, २००५ च्या जुलैत, महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते गावांवर असेच डोंगर उतरले होते. म्हणजे मदत घेणं हा या भागाचा पहिला अनुभव नव्हता. इथल्या चाळिशीतल्या माणसानं दोनदा किट घेतलेलं असतं, आणि त्यामुळे त्याला मत असतं.

ते मत कृतघ्नपणाचं नसतं, हे आधी सांगून टाकतो. ठाण्याहून, नवी मुंबईहून महापालिकांची सफाई पथकं आली, श्रीसदस्य आले, कॉलेजातली मुलं आली, घरातला गुडघाभर चिखल उपसून गेली. त्यांचं नाव निघालं की लोक हात जोडतात. मत असतं ते उरलेल्या गोष्टींबद्दल.

किटमध्ये काय होतं

तांदळाची भाकरी खाणाऱ्या मुलखात गव्हाच्या पिठाच्या पिशव्या आल्या. चूल आणि सिलिंडर दोन्ही वाहून गेलेल्या घरात कच्ची डाळ आली. कोरडं सरपण, केरोसीन, टॉर्च, ताडपत्री, बायकांना बदलायला आतले कपडे, सॅनिटरी पॅड यांची गरज होती आणि बिस्किटांचे पुडे साचले. जुन्या कपड्यांबद्दल तर बोलायलाच नको. प्रत्येक पुरानंतर महाराष्ट्रभरची कपाटं मोकळी होतात आणि ते ढीग शेवटी पूरग्रस्त गावानंच उचलायचे असतात.

वाटपाची वेळ हाही एक मुद्दा आहे, तो शहरातून आलेल्याच्या लक्षात येत नाही. जुलैअखेर म्हणजे लावणीचे दिवस. ज्या वाड्यांची शेतं वाचली तिथल्या बायका पहाटेपासून चिखलात असतात. अकरा वाजता येतो म्हणून निरोप देऊन तीनला येणारी गाडी त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडवते. वर रांगेत उभं राहून सही आणि फोटो. ती सही ‘मिळालं’ याची असते. जे मिळालं ते हवं होतं का, त्याला कागदावर रकाना नसतो.

मोठ्या संस्था अलीकडे तक्रारपेटी ठेवतात, हेल्पलाइनचा नंबर छापतात. पुरानंतर मोबाइलचे टॉवर बंद असतात तेव्हा तो नंबर शोभेचाच. पेटीत चिठ्ठी का पडत नाही, याचं कारण मात्र वाडीवर बसल्याशिवाय कळत नाही. पेटी उघडणारा तोच मुलगा असतो ज्यानं किट वाटलं. त्याला यादी दिली ती गावातल्याच कोणीतरी. अक्षर ओळखीचं असतं. पुढच्या महिन्यात पत्रे येणार आहेत असं कानावर आलेलं असतं. अशा वेळी कोण लिहील की अमक्याच्या घरात दोन किटं गेली?

यादी

महाडच्या तहसील कचेरीत आपत्तीचं सगळं शास्त्र एका कागदाभोवती फिरतं. नुकसान झालं की तलाठी, ग्रामसेवक, शेतीचं असेल तर कृषी सहायक पाहणीला येतात, पंचांसमोर पंचनामा होतो, यादी वर जाते, पैसे बँक खात्यात येतात. ३ ऑगस्ट २०२१ ला राज्य मंत्रिमंडळानं साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज मंजूर केलं. कपडे-भांड्यांसाठी कुटुंबाला दहा हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, दुकानदाराला नुकसानीच्या पाऊण हिश्शापर्यंत पण जास्तीत जास्त पन्नास हजार, टपरीला दहा हजारांपर्यंत. आकडे कमी की जास्त हा वाद वेगळा. निदान ते जाहीर होते. कोणालाही विचारता येत होतं की माझे कुठे आहेत.

पण यादीला दार असतं आणि दाराला उंबरा. दुकानाची मदत मिळवायला स्थानिक रहिवासी असणं, मतदार यादीत नाव असणं, रेशनकार्ड असणं लागत होतं. बाजारपेठेत भाड्याच्या गाळ्यात धंदा करणारा परगावचा माणूस इथे अडतो. कातकरी वाडीवर तर अडथळ्यांची रांगच आहे. घर दुसऱ्याच्या जमिनीवर, उताऱ्यावर नाव नाही, कुडाच्या भिंती म्हणून ‘पक्कं’ नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या कामाला घाटावर गेलेलं कुटुंब पावसाळ्यापुरतं परत येतं. नंतरच्या फेरतपासणीला माणूस आला तेव्हा घराला कुलूपही नव्हतं, कारण कुलूप लावण्यासारखं दारच नव्हतं. ज्याचं सगळ्यात कमी होतं त्याचं नुकसानही कागदावर सगळ्यात कमी भरतं.

खासगी संस्थाही बहुतेक वेळा हीच यादी घेतात, कारण वेळ नसतो. किंवा गावच्या पुढाऱ्याकडून दुसरी करून घेतात. या सवयीची किंमत जगानं फार मोठी मोजली आहे. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारानंतर लाखो निर्वासित सीमेपलीकडे गोमाच्या छावण्यांत आले. संस्थांनी धान्यवाटप सोयीचं म्हणून त्यांच्या जुन्या पुढाऱ्यांमार्फत केलं. त्या पुढाऱ्यांत कत्तली घडवणारेही होते. याद्या फुगल्या, धान्य त्यांच्या हातात गेलं आणि त्याबरोबर छावणीवरची सत्ताही. दुसरीकडे कॉलऱ्यानं माणसं हजारोंनी मेली. १९९६ साली या सगळ्या मदतीचं संयुक्त मूल्यमापन प्रसिद्ध झालं आणि मदतीच्या क्षेत्रात पहिल्यांदा मोठ्यानं विचारलं गेलं की चांगल्या हेतूनं केलेल्या कामाला जाब विचारणारं कोण आहे.

कलमं आणि त्यांचे वाचक

त्यानंतर कलमांचा पाऊस पडला. ‘स्फिअर’ नावाच्या प्रकल्पानं १९९७ पासून किमान मानकं ठरवायला घेतली: माणशी दिवसाला पंधरा लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. रेडक्रॉस आणि इतर संस्थांची दहा कलमी आचारसंहिता त्याआधीच, १९९४ साली आली होती. तिच्या नवव्या कलमात संस्था देणगीदार आणि आपत्तीग्रस्त अशा दोघांनाही उत्तरदायी असल्याचं म्हटलं आहे आणि दहाव्यात, प्रसिद्धी करताना आपत्तीग्रस्ताला लाचार म्हणून न दाखवता सन्मानानं दाखवायचं बंधन आहे. दस्तुरी नाक्यावरच्या बॅनरला आणि पिशवी घेताना कॅमेऱ्याकडे बघायला लावलेल्या आजींना हे दहावं कलम कोणी वाचून दाखवलेलं नाही.

२००२ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या छावण्यांमधला अहवाल आला. मदतीच्या बदल्यात अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण होत असल्याचे आरोप थेट मदत कर्मचाऱ्यांवर होते. तक्रारीची वाट नसली की काय होतं, ते तिथे दिसलं. त्यामुळे तक्रारपेटीची मी वर थट्टा केली असली तरी तिचा उगम थट्टेचा नाही. २०१४ साली वेगवेगळ्या संहिता एकत्र करून नऊ वचनांचं एक मुख्य मानक झालं. २०२४ मध्ये ते सुधारलंही गेलं. त्याची भाषा आता स्वच्छपणे आपत्तीग्रस्ताच्या बाजूनं बोलते. मदत कशी मिळेल हे त्याला आधी कळलं पाहिजे, निर्णयात त्याचा भाग पाहिजे, आणि तक्रार केली तर तिचं काय झालं हे त्याला सांगितलं पाहिजे.

अडचण एवढीच की या संहितांचे वाचक शहरात बसतात. संस्थेचा प्रत्यक्ष हिशेब कुठे जातो ते पाहा. सार्वजनिक न्यास असेल तर १९५० च्या कायद्यानुसार लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात, तेही न्यास जिथे नोंदलेला आहे त्या जिल्ह्यात. परदेशी देणगी असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाला. कंपनीचा सीएसआर निधी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार संचालक मंडळाला आणि त्यांच्या वार्षिक अहवालाला. महाडच्या एमआयडीसीमुळे कंपनीचा निधी इथे अनोळखी नाही. हे सगळे रस्ते वर जातात. केवनाळ्याच्या माणसानं पुण्याला नोंदलेल्या संस्थेचा हिशेब बघायचा म्हटलं तर आंबेनळी घाट चढून पुण्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा. कायदा त्याला अडवत नाही. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज अडवतो.

सरकारचं निदान गाव तरी एक आहे. माहितीचा अधिकार आहे, तिसऱ्या सोमवारचा तालुका लोकशाही दिन आहे, निवडणूक आहे. आणि २००५ च्या डिसेंबरात झालेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं बारावं कलम आहे. मदत छावणीत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान मानकं ठरवायला ते सांगतं, विधवा आणि अनाथांसाठी वेगळी तरतूद करायला सांगतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या माणसाच्या हातातलं हे सगळ्यात मोठं हत्यार असू शकतं. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यातल्या कोणी त्याचं नाव ऐकलं नव्हतं.

महाडात उभं राहून असल्या कागदी हक्काबद्दल बोलताना चवदार तळ्याकडे नजर जातेच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनं १९२४ साली त्याला मान्यता दिली, आणि तरी पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं तळ्यावर चालत गेली तेव्हा ठरावाला अर्थ आला. त्याच दिवशी लोकांवर हल्ले झाले, पुढे तळ्याचं शुद्धीकरण झालं, नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल लागलं. या शहराला वेगळं सांगायला नको की कलम छापणं आणि कलम वापरता येणं यांच्यात किती वर्षं जातात.

शिमग्याची बैठक

हिशेब देण्याची कला या मुलखाला नवीन आहे, असं मात्र कोणी समजू नये. महाड-पोलादपूरच्या जवळजवळ प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्यांतून ती मंडळं उभी राहिली. आता सभासद दिवा, नालासोपारा, कळंबोलीला पांगलेत, पण वर्गणीचं पुस्तक चालू आहे. देवळाचं छप्पर, पाखाडी, शाळेची भिंत, आजारी माणसाला मदत, सगळं त्यातून होतं. २०२१ च्या जुलैत सरकारी यंत्रणेच्या बरोबरीनं, काही ठिकाणी तिच्या आधी, वाडीवर पोचले ते हेच मुंबईकर, भाड्याच्या गाड्यांतून तांदूळ, मेणबत्त्या आणि दोर घेऊन.

शिमग्याला किंवा मे महिन्यात गावकीची बैठक बसते आणि जमाखर्च वाचला जातो. मोठ्यानं, ओळीओळीनं. सिमेंटच्या गोण्या इतक्या, भाडं इतकं, चहापाणी इतकं. चहापाण्यावर हमखास अडतं. मागून कोणीतरी विचारतं की गोणी चाळीस रुपयांनी महाग का घेतली, पोलादपूरला तर स्वस्त होती. खजिनदार चिडतो, पावती काढतो, पावती नसेल तर पुढल्या वर्षी खजिनदार बदलतो. या बैठकीत अर्धा दिवस जातो, जुनी भांडणं निघतात, एखादा रागानं उठून जातो. कोणत्याही जिनिव्हाच्या संहितेत नसेल इतकी कडक तपासणी आहे ही, कारण खजिनदाराला पालखीला याच अंगणात नाचायचं असतं. तो पळून जाऊ शकत नाही. टेम्पोवाला जाऊ शकतो. मला वाटतं, उत्तरदायित्वाच्या सगळ्या चर्चेची गाठ इथे आहे: ज्याला परत यावं लागतं त्यालाच विचारता येतं.

म्हणून गावकीची आरती ओवाळावी, असं नाही. त्या बैठकीत बाया क्वचित बसतात. बसल्या तर बोलत नाहीत. वाडीबाहेरची कातकरी वस्ती, कधी बौद्धवाडीही, त्या जमाखर्चाच्या बाहेरच असते. मुंबईच्या मंडळाची गाडी आपल्या वाडीसाठी येते आणि ज्यांचं मुंबईत मंडळ नाही त्यांच्याकडे गाडी येत नाही. गावकी स्वतःच्या माणसांना चोख हिशेब देते. माणसं मोजताना ती हात आखडते.

लातूरच्या बायका

संस्थेचा हिशेब वर जातो आणि गावकीचा हिशेब सगळ्यांना मोजत नाही, या दोन्ही अडचणी एका जागी सोडवायचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सगळ्यात जास्त गाजली ती नव्यानं वसवलेली गावं, जिथे घराचं क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भूकंपानं पाडलेली उतरंड अशी सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली.

कमी गाजला तो कार्यक्रमाचा दुसरा भाग: सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. इथे पैसे हप्त्यानं घरमालकाच्या हातात गेले आणि काम त्यानंच करून घ्यायचं होतं. हजाराहून जास्त गावांत विखुरलेलं हे काम अभियंत्यांच्या आवाक्यात नव्हतं. तेव्हा ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. कोणाचा हप्ता अडला, कोणाच्या नावावर घर नाही म्हणून राहिलं, भिंतीत आडवे पट्टे घातले की नुसतं प्लास्टर मारलं, हे त्यांनी बघायचं, अभियंत्याला सांगायचं आणि उत्तर परत घरी आणायचं. विधवेचं अडलेलं प्रकरण संवाद सहायक बाईकडे जायचं, कारण ती त्याच गल्लीत राहायची आणि उद्याही राहणार होती. पुढे २००१ च्या भूकंपानंतर यातल्या काही बायका कच्छला शिकवायला गेल्या. तिथे स्थानिक संस्थांच्या ‘अभियान’नं गावांच्या समूहासाठी ‘सेतू’ केंद्रं उघडली होती: सरकारी निर्णय साध्या भाषेत सांगायचे, राहिलेल्यांची यादी करायची, ती वर पोचवायची.

महाडात २००५ नंतर असं काही उभं राहिलं नाही. दासगावच्या दरडग्रस्तांपैकी काही कुटुंबं वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात तापणारा आणि पावसात ताशासारखा वाजणारा तो पत्रा ‘तात्पुरता’ होता. २०२१ नंतर तळीयेचं पुनर्वसन म्हाडानं करायचं ठरलं, घोषणा घटनेनंतर काही दिवसांतच झाली, लोकांना कंटेनरमध्ये हलवलं गेलं. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ ला, खालापूरच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा पत्रकार तळीयेला पुन्हा गेले, आणि कुटुंबं अजून कंटेनरमध्येच होती. उशिराला कारणं असतात: जागा, भूसंपादन, रस्ता, पावसाळ्यात बंद पडणारं काम. कारणं खोटी असतात असंही नाही. पण ती कारणं दर महिन्याला वाडीसमोर उभं राहून सांगणं हे कोणाच्याही नेमणूकपत्रात नव्हतं. तीस जुलैला दरडीखाली गेलेल्या माळीणचं नवं गाव २०१७ च्या एप्रिलमध्ये ताब्यात दिलं गेलं आणि पहिल्याच पावसात तिथली माती आणि रस्ते खचले; तेव्हा सगळी यंत्रणा धावली, कारण कॅमेरे पुन्हा आले. कॅमेरे हीच तक्रारपेटी असेल तर ती वर्षातून एकदा, बावीस किंवा तीस जुलैला उघडते.

ग्रामसभेचा एक विषय

पोलादपूरहून परतताना मी एका साध्या गोष्टीचा हिशेब मांडत होतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते. तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते, हेही कायद्यात आहे. गावात घरं बांधणाऱ्या, पत्रे वाटणाऱ्या, विहीर उपसणाऱ्या संस्थेनं सरपंचाला पत्र देऊन विषयपत्रिकेवर पंधरा मिनिटं मागितली तर कोणताही नियम आडवा येत नाही. किती पैसे आले, कोणाच्या घरी काय गेलं, कोण राहिलं आणि का, हे वाचायचं. आधी बायकांच्या सभेत, मग सगळ्यांसमोर, आणि कातकरी वाडीवर वेगळं जाऊन, कारण ती मंडळी ग्रामसभेला येणार नाहीत. गोणी महाग का घेतली, असं मागून विचारलं जाईल. विचारू द्यायचं.

याला फार खर्च नाही. वाटप संपल्यानंतर निदान पुढच्या पावसापर्यंत एक माणूस तालुक्यात ठेवायचा, शक्यतो इथलाच, त्यातही बाई असली तर बरं. तिचा पगार, दुचाकीचं पेट्रोल आणि एक वही. मदत प्रकल्पांची अंदाजपत्रकं मी यापूर्वीही चाळली आहेत. त्यांत बॅनर आणि छायाचित्रणाचा रकाना असतो, वाहतुकीचा असतो, मूल्यमापनासाठी मुंबईहून येणाऱ्या सल्लागाराचा असतो. वाटपानंतर मागे राहणाऱ्या माणसाचा नसतो. देणगीदार त्याला ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि तो कमीत कमी ठेवल्याबद्दल संस्थेला शाबासकी देतात.